रविवारी चारचं मरण

"आणि तुमच्या दादांचा तर एक व्हिडिओ मिळालाय आम्हाला," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "इतका गोड आहे म्हणून सांगू!"

धाकटा त्या वेळी काउंटरमागे गुडघ्यांवर बसून बीअरच्या नव्या पिंपाला नळी जोडत होता. नळी हातातून निसटली आणि त्याच्या चष्म्यावर फेस उडाला. पुसायच्या भानगडीत न पडता तो फेसाआडूनच वर बघत राहिला.

"कुठल्या दादांचा?" त्यानं विचारलं. जणू त्याला पाच-सहा दादा होते.

"अहो, तुमच्या थोरल्या भावाचा! कुणीतरी परगावच्या पाहुण्यांनी पाठवलाय, अकरा वर्षांपूर्वीचा. तुम्ही तीन नंबरच्या टेबलापाशी मरून पडलेले आहात, आणि तेवढ्यात मागं दादा छातीवर हात दाबतात आणि धाडकन काउंटरमागे पडतात. पब्लिक जे काही खूश झालंय! टाळ्या काय, शिट्ट्या काय! रागावू नका, पण तुमच्या मरणाला एवढ्या नाही मिळाल्या."

"मला कधीच मिळत नाहीत," धाकटा म्हणाला.

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी ग्लास पुसत उभ्या होत्या. पुसणारा हात थांबला.

"हे आहेत त्यात?" त्यांनी विचारलं. "चालतेबोलते?"

"बोलत नाहीत काही. पण चालतात, बीअर ओततात, एकदा कॅमेऱ्याकडे बघून हसतात."

"हसतात?" वहिनी म्हणाल्या आणि ग्लास पुन्हा पुसायला लागल्या. तो आधीच इतका कोरडा होता की किरकिर आवाज यायला लागला.

सेक्रेटरीबाई म्हणजे एका सिनेमाच्या चाहता मंडळाच्या सेक्रेटरी. मंडळात येऊन त्यांना जेमतेम तीन वर्षं झाली होती, त्यामुळे उत्साह अजून कोरा करकरीत होता. येत्या रविवारी सिनेमाला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती, आणि त्यानिमित्त मंडळानं या बारचा इतिहास तयार केला होता. इतिहास म्हणजे पाहुण्यांनी वेळोवेळी काढलेल्या व्हिडिओंची माळ. तो रविवारी बरोबर चार वाजता इथंच, मोठ्या पडद्यावर दाखवायचा होता.

खरं तर या बारला इतिहास असा काही नव्हताच. दोघा भावांच्या वडिलांनी तो सुरू केला, मग वडील गेले, मग भाऊ चालवायला लागले. बारा टेबलं, एक काउंटर, भिंतीवर ओल. पंचवीस वर्षांपूर्वी सिनेमावाले आले तेव्हा दिग्दर्शक दारात उभा राहून भारावून म्हणाला होता, "वा! इथं कुणी काहीच केलेलं नाही!" दादाला ती स्तुती वाटली.

शूटिंग अकरा दिवस चाललं. सिनेमाचा नायक शेवटी याच बारमध्ये येतो, बीअर मागवतो, एक घोट घेतो आणि छातीत तीन गोळ्या खाऊन तीन नंबरच्या टेबलापाशी मरतो. नायकाला मरणं पहिल्या झटक्यात जमलं. घोटाळा झाला तो बीअरचा. बारमालकाचं काम करणाऱ्या नटाला ती ओतताच येईना. एकोणीस वेळा प्रयत्न झाला आणि एकोणीस वेळा ग्लासात तीन बोटं बीअर आणि वर मोठा कापसाचा ढीग. शेवटी दिग्दर्शकानं बाजूला उभ्या असलेल्या दादाकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुमचे हात द्या."

दादानं दिले. तेव्हापासून त्या सिनेमात सात सेकंद दादाचे हात आहेत. ग्लास तिरका धरलाय, बीअर काठाकाठानं उतरतेय, शेवटच्या क्षणी ग्लास सरळ होतो आणि वर एक बोटभर फेस. मनगटाच्या वर नटाच्या शर्टाच्या बाह्या, आणि त्यापुढे दुसराच माणूस. सिनेमा धो धो चालला. दादाच्या हातांना पत्रं यायला लागली. एका बाईनं हातमोजे विणून पाठवले होते.

वहिनींकडे दादाचं बाकी म्हणाल तर लग्नाचा एक फोटो होता, ज्यात दादा हलल्यामुळे त्याला दीड नाक होतं, आणि ओळखपत्रावरचा एक, ज्यात तो फरारी दिसत होता. बाकी ते सात सेकंद. वरचेवर लावून बघायच्या. पण हातांकडे बघून माणूस किती आठवणार?

लोक बार बघायला यायला लागले तेव्हा दादानंच टूम काढली. दर रविवारी चार वाजता, तोच प्रसंग, खऱ्या जागी, खऱ्या हातांसह. दादा बीअर ओतणार. धाकटा नायक होऊन मरणार. नेहमीचं गिऱ्हाईक असलेला पोस्टमन दाराबाहेर तीन कागदी पिशव्या फुगवून फोडणार, त्या गोळ्या. गल्लीतले लोक धाकट्याला 'मयत' म्हणायला लागले. बँकेतला शिपाईसुद्धा हाक मारायचा, "ओ मयत, सही राहिली तुमची!"

अकरा वर्षांपूर्वी दादा गेला. दोन महिने खेळ बंद राहिला, मग पुन्हा सुरू झाला. पाहुण्यांना दिसतील असे फरक दोनच पडले. बीअर आता आधीच ओतून ठेवलेली असते. आणि धाकटा डोळे उघडे ठेवून मरतो. पाहुण्यांची त्याबद्दल तक्रारही आली होती, की मेलेला माणूस सारखा काउंटरकडे बघतो. पण धाकट्यानं डोळे मिटले नाहीत.

सेक्रेटरीबाई गेल्यावर वहिनी बाहेर आल्या. त्यांच्या तोंडावर जे होतं ते धाकट्यानं अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

"भाऊजी, हे कधी पडायचे हो खेळात? मला कधी सांगितलं नाही."

"एकदाच," धाकटा म्हणाला.

"बघा! आणि नेमकी मी नव्हते वाटतं."

नव्हत्या. त्या रविवारी वहिनी दाढ काढायला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा तोंडात कापसाचा बोळा होता, अर्धं तोंड बधिर होतं, आणि बारच्या दारात अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती. त्या काय विचारत होत्या ते कुणालाच कळत नव्हतं. धाकट्याला कळलं. त्यानं सांगितलं, "एका क्षणात गेला, वहिनी. आम्ही सगळे धावलो. काही कळलंसुद्धा नाही त्याला."

यातलं 'गेला' एवढंच खरं होतं.

*

पोस्टमन आता रिटायर होऊन घरी बसला होता. दादा गेल्यापासून रविवारी बारकडे फिरकत नसे, पिशव्या दुसरंच कुणीतरी फोडायचं. बाकीच्या दिवशी यायचा, पण सरबत प्यायचा. धाकटा त्याच्याकडे गेला तेव्हा तो बाल्कनीत झाडांना पाणी घालत होता. झाडं प्लास्टिकची होती. बायकोनं धूळ बसते म्हणून सांगितलं होतं.

"व्हिडिओ आहे," धाकटा म्हणाला.

कसला ते पोस्टमननं विचारलं नाही. झारी खाली ठेवली.

"मी दिसतो का त्यात?"

"माहीत नाही. शिट्टी ऐकू येत असणार."

पोस्टमन स्टुलावर बसला. टाळ्या सुरू करून देणं हेही त्याचंच काम असे. पिशव्या फोडायच्या, आत यायचं आणि पहिली टाळी वाजवायची. लोक लाजतात, कुणीतरी सुरुवात करावी लागते, असं दादाचं म्हणणं होतं.

"आदल्या रविवारी त्यानं ते रडण्याचं सोंग केलं होतं बघ," पोस्टमन म्हणाला. "तू मेल्यावर छाती पिटून. लोक किती हसले होते. मला वाटलं, या वेळी पुढचं काहीतरी बसवलंय. न सांगता."

"मलापण तेच वाटलं."

"दोन बोटं तोंडात घालून मारली रे मी शिट्टी. नोकरीतसुद्धा कधी एवढ्या जोरात मारली नव्हती."

"वीज घालवता येईल का रविवारी?" त्यानं विचारलं. "तुझा भाचा आहे ना वीजखात्यात?"

"आहे. तो बिलं वाटतो."

"मग?"

"मग काय, बिल जास्त पाठवू शकेल."

दोघं थोडा वेळ प्लास्टिकच्या झाडांमधून ठिबकणारं पाणी बघत बसले.

"वहिनींना सांगून टाक," पोस्टमन म्हणाला.

"तू चल बरोबर."

पोस्टमननं मान हलवली. "तीस वर्षं लोकांच्या दारात वाईट बातम्या पोचवल्या मी. पण त्या बंद पाकिटात असायच्या."

शुक्रवारी धाकट्यानं सेक्रेटरीबाईंना गाठलं आणि तो व्हिडिओ काढून टाका म्हणाला.

"का हो?"

"माझे केस वाईट दिसतात त्यात."

"तुम्ही मेलेले आहात! केसांकडे कोण बघतंय? आणि आता नाही काढता येणार. तुमच्या वहिनींचा फोन आला होता सकाळी. म्हणाल्या, तोच सगळ्यात आधी लावा. आणि चष्म्याचा नंबर वाढलाय, तर पहिल्या रांगेत खुर्ची ठेवाल का म्हणून विचारत होत्या."

*

रविवारी सकाळी वहिनींनी खेळाचा शर्ट इस्त्री करून काउंटरवर ठेवला. पांढरा, छातीवर तीन भोकं, भोकांभोवती लाल रंग. दर सोमवारी त्या तो धुवायच्या, रंग जाणार नाही इतपत. स्वतः त्यांनी निळा ड्रेस घातला होता, जो त्या फक्त लग्नांना घालत. केस धुतले होते. जणू तिकडूनही कुणीतरी त्यांना बघणार होतं.

"वहिनी, बसा जरा."

"बसून कसं चालेल? साठ ग्लास व्हायचेत."

"मग उभ्या राहा. पण ऐका."

तो बोलायला लागला. सुरुवात त्यानं नळीच्या वॉशरपासून केली, का ते त्यालाही कळलं नाही. मग पिशव्या. मग तो स्वतः पडला ते. तेव्हा मरताना तो डोळे मिटायचा. मिटल्या डोळ्यांनी त्यानं पाठीमागे धप्प आवाज ऐकला, मग हशा, शिट्टी, टाळ्या.

"मी म्हणालो, दादा, ऊठ. मरायचं काम माझं आहे."

वहिनींच्या हातात ग्लास होता. त्यांनी तो खाली ठेवला.

"मोठ्यानं म्हणालात?"

"नाही. ओठांतल्या ओठांत. मेलो होतो ना मी."

"मग?"

"मग पडून राहिलो. शेवटचं संगीत संपेपर्यंत मेलेल्यानं उठायचं नाही, असा नियम होता. लोक बाजूला बसून फोटो काढायचे. दादालाच तो नियम फार महत्त्वाचा. एकदा मला शिंक आली तर आठवडाभर बोलला नव्हता."

"किती वेळ?"

"संगीत चार मिनिटं दहा सेकंदांचं आहे."

बाहेर कुणीतरी खुर्च्या उतरवत होतं. मंडळाचे लोक आले होते.

"म्हणजे तुम्ही धावला नाहीत," वहिनी म्हणाल्या.

"नाही."

"कुणीच नाही?"

"एक मुलगी काउंटरवरून वाकून बघत होती म्हणे. तिला तिच्या आईनं ओढून नेलं. बस चुकेल म्हणून." धाकट्यानं शर्टाची कॉलर उगीच सरळ केली. "संगीत संपल्यावर मी उठलो आणि वाकून नमस्कार केला. दोनदा. मग काउंटरमागे गेलो. त्याला शिव्या द्यायला गेलो होतो मी, वहिनी."

नळ ठिबकत होता तो वहिनींनी घट्ट केला. मग विचारलं, "चार मिनिटांनी फरक पडला असता का? डॉक्टर काय म्हणाले?"

"मी विचारलंच नाही."

"अकरा वर्षांत?"

"अकरा वर्षांत."

"आणि मला सांगितलंत, एका क्षणात."

"तुमच्या तोंडात कापूस होता," धाकटा म्हणाला. यापेक्षा बरं कारण त्याच्याकडे नव्हतं, आणि हेही काही कारण नव्हतं.

"तो संध्याकाळी काढला मी," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी उरलेले ग्लास धुतले. साठच्या साठ. धाकटा पुसायला पुढे झाला तेव्हा त्यांनी फडकं त्याच्या हातातून घेतलं. रागानं नाही. आपली वस्तू आपण घ्यावी, तसं.

*

साडेतीनलाच बार भरला. कुणी नायकासारखी टोपी घालून आलं होतं, कुणी छातीवर लाल रंग लावून. एक म्हातारे गृहस्थ तीन नंबरच्या टेबलाला मिठी मारून फोटो काढून घेत होते. सेक्रेटरीबाई माइक तपासत होत्या आणि माइक त्यांना शिट्टी मारून दाखवत होता. पहिल्या रांगेत मधोमध एक खुर्ची रिकामी होती. तिच्यावर चिठ्ठी चिकटवली होती, 'वहिनी'.

धाकटा तीन भोकांचा शर्ट घालून भिंतीला टेकून उभा होता.

पावणेचारला स्वयंपाकघराचं दार किंचित उघडलं. वहिनींनी सेक्रेटरीबाईंना खूण करून बोलावलं. काहीतरी बोलणं झालं. बाईंनी आपला फोन काढला, त्यात काहीतरी शोधून वहिनींच्या हातात दिला आणि गोंधळलेल्या चेहऱ्यानं बाहेर आल्या.

"म्हणतात, मी आधी एकटी बघते. भावुक झाल्यात हो."

दार आतून लागलं. धाकटा गर्दीतून वाट काढत दारापाशी गेला आणि तिथंच थांबला. ठोठावलं नाही. आतून पिशव्या फुटल्याचे आवाज आले, बारीक, डब्यात कुणी दाणे टाकावेत तसे. तीन. मग थोडा वेळ संगीत. मग हशा. मग एक शिट्टी, आणि तिच्या मागोमाग टाळ्या. फोनमधून त्या तेल तडतडल्यासारख्या वाजत होत्या.

आता बंद करतील, असं त्याला वाटलं. संगीत चालूच राहिलं. त्याला त्यातला प्रत्येक सूर पाठ होता. कुठं बासरी येते, कुठं ती थांबते, कुठं फोटो काढणाऱ्यांची घाई सुरू होते. तो दाराकडे तोंड करून उभा राहिला आणि ती चार मिनिटं दहा सेकंद दुसऱ्यांदा ऐकली. मागून एक पाहुणा म्हणाला, "साहेब, संडास हाच का?" धाकटा नाही म्हणाला.

संगीत संपलं. मग काहीच नाही. मग पुन्हा सुरुवातीपासून, पण या वेळी पिशव्या फुटायच्या आतच थांबलं. मग आणखी एकदा, पुन्हा तेवढंच.

दार उघडलं तेव्हा वहिनींचे डोळे कोरडे होते. त्यांनी धाकट्याकडे पाहिलं नाही. त्याच्या बाजूनं त्या निघून गेल्या, जसं आपण खांबाच्या बाजूनं जातो, आणि फोन सेक्रेटरीबाईंना परत दिला.

"छान आलेत ते," त्या म्हणाल्या.

"हो की नाही! मग लावायचा पहिला?"

"नाही. लावायचा नाही. आज नाही, पुढंही नाही. माझा आहे तो."

सेक्रेटरीबाईंनी तोंड उघडलं, वहिनींकडे पाहिलं आणि मिटलं. त्यांनाही कुठंतरी काहीतरी समजलं असावं, कारण त्यांनी माइक हळूच टेबलावर ठेवला आणि त्यावर हात झाकून धरला.

चार वाजले. कुणीतरी ओरडलं, "मयत! वेळ झाली!" लोक हसले. धाकटा सवयीनं दोन पावलं पुढं आला. तीन नंबरच्या टेबलापाशी पोचला आणि तिथून पुढं काय करायचं ते त्याला आठवेना. मरायला सुरुवात कशी करतात?

वहिनी काउंटरपाशी जाऊन उभ्या राहिल्या. माइक घेतला नाही. तशी गरजही पडली नाही, निळ्या ड्रेसमधली ती बाई बघून लोक आपोआप गप्प झाले.

"आज इथं कुणी मरणार नाही," वहिनी म्हणाल्या. "बसा. काय हवं ते प्या. आणि मग घरी जा."

मागच्या भिंतीपाशी बसलेल्या कुणीतरी टाळी वाजवली. पंचविसाव्या वर्षाचा नवा शेवट आहे, अशी समजूत झाली असावी. शेजाऱ्यानं वाजवली, त्याच्या शेजाऱ्यानं वाजवली, आणि बघता बघता सगळा बार उठून टाळ्या वाजवायला लागला. टोप्या उडाल्या. म्हातारे गृहस्थ टेबल सोडून दोन्ही हातांनी वाजवत होते. धाकटा हात वर करून "अहो, नका, थांबा" म्हणत राहिला. लोकांना ते फार आवडलं. टाळ्या वाढल्या.

वहिनी हलल्या नाहीत. डोकं जरासं एका बाजूला कलवून त्या ऐकत होत्या, दूरचं कुणी काही सांगत असेल तर आपण ऐकतो तशा. मग त्यांनी काउंटरची फळी उचलली, मागे गेल्या, फळी खाली केली, आणि लोकांच्या डोळ्यांदेखत हळूहळू खाली बसल्या. आधी खांदे दिसेनासे झाले, मग केस.

सेक्रेटरीबाईंनी लोकांना बाहेर काढलं. काय कारण सांगितलं कोण जाणे, पण वीस मिनिटांत बार रिकामा झाला. जाताना त्यांनी दार अलगद ओढून घेतलं.

धाकटा काउंटरपर्यंत गेला. फळीवर हात ठेवला, आणि उचलली नाही.

पलीकडून काहीच आवाज येत नव्हता. तो वळला आणि खुर्च्या उचलून टेबलांवर ठेवायला लागला, एकेक करून, फरशीवर पाय न वाजवता.